एकाच चाकाची हवा परत परत उतरते: ट्यूबलेस टायरची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

पंक्चर काढलं, हवा भरली, आठवडाभर गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच चाक बसलं. मग पुन्हा पंक्चरवाला, पुन्हा एक स्ट्रिप (भोकात बाहेरून दाबायची चिकट रबरी दोरी). अशा वेळी बहुतेकदा दोष नव्या खिळ्याचा नसतो. हवा भलतीकडूनच जात असते आणि तिकडे कोणी बघितलेलं नसतं. खाली दिलेला क्रम ट्यूबलेस टायरच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना साबणाचं पाणी आणि प्रेशर गेज एवढंच लागतं.

आधी लक्षणं बघा

हवा किती वेगाने उतरते यावरूनच अर्धं निदान होतं.

रात्रीत १० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर टायरला सरळ भोक आहे: खिळा, स्क्रू, तार, नाहीतर जुनी स्ट्रिप सुटली आहे. आठवड्याला २ ते ४ पीएसआय उतरत असेल, तर संशय व्हॉल्व्हवर (हवा भरायची झडप), रिमच्या कडेवर किंवा अर्धवट बसलेल्या जुन्या स्ट्रिपवर. महिन्याला १-२ पीएसआय उतरणं हा दोष नाही. रबरातून हवा थोडीथोडी झिरपतेच, त्यासाठी दुकान गाठायची गरज नाही.

चारही चाकं एकदम ३-४ पीएसआयने खाली आली असतील तर पंक्चर शोधू नका. हवामान बदललं आहे. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी दिसतो. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे मोजली तर ५-६ पीएसआयचा फरक पडेल, आणि टायरला काहीही झालेलं नसेल.

काही लक्षणं फसवी असतात. गाडी चार दिवस उभी ठेवली तर हवा जशीच्या तशी राहते, पण पन्नास किलोमीटर चालवली की उतरते. इथे टायर वाकताना उघडणारं बारीक भोक, रिमची तडा किंवा वेगात बाहेर झुकणारा व्हॉल्व्हचा नेक (रिममधून बाहेर आलेली नळी) यांचा संशय धरावा. उलट, कधी सकाळी चाक बसलेलं आणि कधी ठणठणीत असेल, तर गाडी उभी करताना चाकाचा कुठला भाग खाली येतो ते बघा. खिळा किंवा रिमचा वाकलेला भाग जमिनीच्या बाजूला आला की गळती कमी-जास्त होते. टायरवर खडूने रेघ मारा आणि दोन-तीन रात्री चाक कुठल्या स्थितीत उभं होतं ते टिपून ठेवा. जागा बऱ्यापैकी कळते.

चालवताना पुढच्या चाकाची हवा कमी असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मागच्या चाकाची कमी असेल तर वळणावर गाडीची शेपूट तरंगल्यासारखी वाटते, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पंक्चरही मागच्या चाकालाच जास्त होतं. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उभा करतं आणि मागचं तो अंगावर घेतं.

डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. रेडियल टायर खाली थोडा फुगलेला दिसतोच. ३३ आणि २५ पीएसआयचे टायर शेजारी ठेवले तरी फरक ओळखणं कठीण. डॅशबोर्डवरच्या कमी हवेच्या इशाऱ्याच्या दिव्यावरही सगळा भार टाकू नका. ज्या गाड्यांत चाकात सेन्सर नसतो आणि ब्रेकच्या एबीएस यंत्रणेने मोजलेल्या चाकाच्या वेगावरून अंदाज बांधला जातो, तिथे दिवा लागेपर्यंत बरीच हवा गेलेली असते. शिवाय अशा गाडीत हवा भरल्यावर सिस्टीम रिसेट करावी लागते. ती केली नाही तर चुकीची पातळीच ती बरोबर धरून बसते.

पहिली तपासणी: आकडा खरा आहे का

स्वतःचा गेज घ्या. पेट्रोल पंपावरचे गेज दिवसभर आपटले जातात, दोन पंपांवर दोन आकडे दिसतात. आज एका पंपावर, परवा दुसऱ्या पंपावर मोजलं तर न उतरलेली हवाही उतरल्यासारखी दिसते. गेज थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण दर वेळी तोच हवा.

मोजायचं थंड टायरवर: गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली असावी. हायवेवरून आल्या आल्या मोजलं तर आकडा ३ ते ५ पीएसआयने जास्त येतो. तो 'जास्त' म्हणून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी चाक कमी भरतं, आणि मालक म्हणतो हवा उतरली. पंक्चर नसलेल्या गाड्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूला छापलेला ४४ किंवा ५१ हा आकडा टायर सोसू शकेल त्या कमाल दाबाचा आहे, गाडीत भरायचा नाही. बहुतेक हॅचबॅक ३० ते ३६ च्या दरम्यान असतात. पूर्ण माणसं आणि सामान असताना मागच्या चाकांना वेगळा आकडा दिलेला असतो.

सकाळी चारही चाकं स्टिकरप्रमाणे भरा, आकडे फोनमध्ये लिहा आणि तीन सकाळी त्याच वेळी मोजा. पुढच्या सगळ्या तपासण्या याच्यावर उभ्या आहेत. बाकी तीन चाकं जागची हलली नाहीत आणि एकच उतरलं, तरच पुढे जा.

एक सूचना इथेच: आकडा २० च्या खाली असेल तर दुकानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. टायर हवेविना चाललेला नसेल तर आधी जागेवर हवा भरा, नाहीतर स्टेपनी लावा. कमी हवेवर चाललेला टायर बाजूच्या भिंतीतून आतल्या आत चेचला जातो. दोनशे रुपयांचं पंक्चर नव्या टायरवर जातं ते याच दोन किलोमीटरांत.

दुसरी तपासणी: व्हॉल्व्ह

सर्वांत स्वस्त दोष हाच, आणि पंक्चरच्या घाईत सगळ्यात जास्त राहून जाणाराही. टोपी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. भांडी घासायचा लिक्विड साबण एक चमचा आणि पाणी साधारण अर्धा लिटर, एवढं मिश्रण पुरतं. जास्त साबण घातला तर आधीच फेस होतो आणि खरा बुडबुडा दिसत नाही. थेंब फुगत असेल तर आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलं आहे. पिनचा छोटा पाना मिळतो, काही टोप्यांच्या माथ्यावरच तशी खाच असते. पाव वळसा आवळून बघा. जोर लावायचा नाही. पिनचं रबर दबून फाटलं की गळती वाढते. आवळून थांबलं नाही तर पिन बदला. किंमत दहा-वीस रुपयांच्या आसपास.

पिन काढताच सगळी हवा जाते हे ध्यानात ठेवा. गाडीचं वजन चाकावर असताना पिन काढली तर टायर रिमच्या कडेवरून सरकू शकतो आणि मग साध्या कॉम्प्रेसरने तो परत बसत नाही. म्हणून आधी जॅक लावायचा, हवेचा पंप हाताशी ठेवायचा, मगच पिन काढायची.

पिन ठीक असेल तर नेक बघा. रबरी नेक बोटाने सगळ्या बाजूंना वाकवा आणि मुळाशी साबणाचं पाणी सोडा. सरळ असताना गप्प आणि वाकवल्यावर बुडबुडे, म्हणजे मुळाशी चीर आहे. चालताना उतरते आणि उभी असताना नाही, या तक्रारीचं हे नेहमीचं कारण: वेगात नेक बाहेरच्या बाजूला झुकतो आणि चीर उघडते. उन्हात राहणाऱ्या गाड्यांचा नेक चार-पाच वर्षांत कडक होतो. नवा टायर टाकताना नेकही नवा टाकायला सांगा, त्या वेळी त्याचा वेगळा खर्च नगण्य असतो. बहुतेक छोट्या गाड्यांना टीआर ४१३ या मापाचा नेक चालतो. तो बदलायला टायर रिमवरून सोडवावा लागतो, म्हणजे हे काम दुकानाचं.

चाकात सेन्सर असेल तर नेक धातूचा असतो आणि त्याच्या मुळाशी रबरी वॉशर व नट असतो. तिथे गळत असेल तर सेन्सर बदलायची घाई करू नका. वॉशर, नट, पिन, टोपी असं सर्व्हिस किट मिळतं. अशा अल्युमिनियमच्या नेकमध्ये साधी पितळी पिन घालू नये, निकेलचा मुलामा असलेलीच घालावी. नाहीतर दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो आणि पिन आत चिकटते. दिखाऊ धातूच्या टोप्यांचंही तेच. प्लास्टिकची साधी टोपी उत्तम, पण असलीच पाहिजे. टोपीवाचून फिरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये धूळ जाते आणि हवा भरताना तीच पिनच्या रबराखाली अडकते.

तिसरी तपासणी: टायरचा पृष्ठभाग आणि जुनी स्ट्रिप

पुढचं चाक बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवा. मागच्यासाठी गाडी अर्धा-अर्धा मीटर पुढे घेत बॅटरीच्या उजेडात नक्षीची एकेक खाच बघा. उघडा हात फिरवू नका. झिजलेल्या टायरमधून आलेली किंवा रस्त्यावरची तार बोटात घुसते.

खिळा दिसला म्हणून लगेच उपटायचा नाही. आधी साबणाचं पाणी सोडा. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते आणि तिच्याखालीही रबर असतं, त्यामुळे बरेच आखूड स्क्रू आतपर्यंत पोचलेलेच नसतात. बुडबुडा नसेल तर हळू काढा आणि पुन्हा पाणी सोडून खात्री करा. बुडबुडा असेल तर खडूने खूण करून खिळा तसाच राहू द्या, तो बूच म्हणून काम करतो आहे.

आता जुन्या स्ट्रिपा. 'तेच चाक परत परत' या तक्रारीत पाण्याचा पहिला फवारा त्यांच्यावर मारायचा. स्ट्रिप का गळते? बऱ्याचदा खिळा तिरका गेलेला असतो आणि रीमर (भोक साफ आणि खरबरीत करायची दातेरी सळई) सरळ घातला जातो. मग दोन वाटा होतात, स्ट्रिप एकीत बसते आणि हवा दुसरीतून जाते. कधी रीमर दोनदाच फिरवून सोडलेला असतो, भोकाच्या भिंती खरबरीत झालेल्या नसतात आणि सोल्यूशन (चिकटवायचा रबरी डिंक) धरत नाही. कधी याच्या उलट, रीमर इतका फिरवतात की आतल्या पोलादी तारा तुटून त्यांची टोकं स्ट्रिपला कापत राहतात. पावसाळ्यात भोकातून पाणी त्या तारांपर्यंत जातं, तारा गंजतात आणि सहा महिन्यांपूर्वीचं पंक्चर तिथेच उघडतं. स्ट्रिपवर स्ट्रिप ठोकून हे थांबत नाही. भोक मात्र मोठं होत जातं.

टायर बनवणाऱ्या कंपन्या नुसत्या बाहेरून घातलेल्या स्ट्रिपला कायमची दुरुस्ती मानत नाहीत. रस्त्यात अडकल्यावर ती झकास, दुकानापर्यंत नेते, आणि नीट बसवली तर वर्षानुवर्षं टिकतेही. पण एकदा गळलेली स्ट्रिप दुसऱ्या स्ट्रिपने दुरुस्त करू नका. टायर रिमवरून काढून आतून मशरूम लावायला सांगा: आतून पॅच आणि भोकात त्याचाच रबरी दांडा. भोक साफ करून त्याच मापाचं करायचं, आतलं अस्तर घासायचं, भुसा पूर्ण काढायचा, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकट लागेल पण ओलं नसेल इतकं वाळू द्यायचं, दांडा आतून बाहेर ओढायचा आणि पॅच रोलरने मधून कडेकडे दाबायचा. सोल्यूशन ओलं असताना पॅच लावला तर तो काही दिवसांत कडेने उठतो. ही चूक दुकानात गर्दी असली की हमखास होते, म्हणून त्या पाच मिनिटांसाठी उभं राहावं. मशरूमला स्ट्रिपपेक्षा दोन-तीन पट पैसे जातात. वसूल होतात, कारण टायर काढल्यामुळे आतली भिंतही बघायला मिळते.

आत हात घालून पाहा. काळा रबराचा भुसा, बाजूच्या भिंतीवर गोल फिरलेली घासल्याची पट्टी किंवा सुरकुत्या दिसल्या तर हा टायर हवेविना चाललेला आहे. भोक कितीही बारीक असो, तो दुरुस्त करायचा नाही.

दुरुस्ती कुठे चालते हेही ठरलेलं आहे. भोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यात हवं आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. खांद्यावर (नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे) किंवा बाजूच्या भिंतीवर कोणी स्ट्रिप घालून देत असेल तर पैसे वाचवायला जाऊ नका. ती भिंत दर फेरीला वाकते, स्ट्रिप तिथे टिकत नाही आणि सुटली तर हायवेवर वेगात सुटते. दोन दुरुस्त्या एकमेकींना लागून असतील तरी टायर बाद धरा.

गाडीत किट असेल तर स्ट्रिप घालताना

खिळा पकडीने काढताना त्याचा कोन बघून ठेवा. रीमर त्याच कोनात, सोल्यूशन लावून, तीन-चारदा आत-बाहेर. स्ट्रिप सुईच्या नाकात मध्यापर्यंत ओवायची, सोल्यूशन लावायचं आणि दोन्ही टोकं साधारण दीड-दोन सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबायची. सुई झटक्यात सरळ ओढा. पिळत ओढली तर स्ट्रिपही बाहेर येते. उरलेली टोकं नक्षीच्या वर ३-४ मिलिमीटर ठेवून कापा. रबराच्या पातळीत कापली तर पहिल्या काही किलोमीटरांत ती आत ओढली जाते. हवा भरून साबणाचं पाणी लावल्याशिवाय काम झालं म्हणू नका. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर चालवताना इंजिन सुरू ठेवा, तेही मोकळ्या हवेत, आणि दहा मिनिटांनी त्याला विश्रांती द्या. किटमधलं सोल्यूशन एकदा उघडलं की महिन्याभरात वाळतं, ही बाब ऐनवेळी कळू नये.

चौथी तपासणी: रिमची कड

पृष्ठभाग कोरडा, व्हॉल्व्ह गप्प, तरी आठवड्याला तीन पीएसआय जातात. मग टायरचं बीड (रिमवर बसणारी, आत तारा असलेली कड) आणि रिम जिथे मिळतात ती गोल रेघ तपासायची. बाहेरची बाजू गाडीवरच तपासता येते: साबणाचं पाणी सगळीकडून सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लगेच मोठा बुडबुडा येत नाही. मोहरीएवढ्या पांढऱ्या फेसाचा एक ठिपका हळूहळू जमतो, तीच जागा. आतली बाजू बघायला चाक काढावं लागतं, आणि गळती बऱ्याचदा आतल्याच बाजूला असते, कारण चिखल तिथे साचतो आणि गाडी धुताना तिथे कोणी पोचत नाही.

लोखंडी रिमवर गंजाची खवलं, अलॉयवर (अल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम) रंगाखाली धरलेली पांढरी भुकटी, जुन्या रबराचे चिकटलेले तुकडे, नाहीतर टायर चढवताना लोखंडी पट्टीने बीडला पडलेली खोक. कारण यांतलंच एक असतं. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळच्या गाड्यांना हा त्रास जास्त, खारी हवा रिमची कड खाते. पाच-सहा वर्षं न हललेल्या टायरमध्येही हेच सापडतं.

उपाय दुकानात: टायर सोडवून रिमची कड तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने गुळगुळीत करायची, बीड पुसून घ्यायचं, गरज असेल तर बीड सीलरचा पातळ हात. ग्राइंडर लावू देऊ नका, कडेचा आकार गेला की ती कधीच बसत नाही. चढवताना टायरची पेस्ट किंवा साबण वापरावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. तेल रबराला फुगवतं. खोक बीडच्या तारांपर्यंत गेली असेल तर सीलर थापून काही होणार नाही, टायर बदलायचा. काम झालं की बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या.

पाचवी तपासणी: रिमच

इथून पुढे पाण्याच्या टाकीशिवाय खात्री होत नाही. चाक पूर्ण बुडवायला सांगा, हवा स्टिकरपेक्षा ४-५ पीएसआय जास्त ठेवा आणि पहिले बुडबुडे संपेपर्यंत थांबा. ते खाचांत अडकलेल्या हवेचे असतात. नंतर एकाच जागेवरून येणारा एकेक बुडबुडा खरा. टाकीत चाक एकदा फिरवून लगेच 'काही नाही साहेब' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बारीक गळतीला तीन-चार मिनिटं द्यावी लागतात.

अलॉयच्या आतल्या ओठावर खड्ड्याचा मार बसला की केसाएवढी तडा जाते. बाहेरून चाक नवं दिसतं. लोखंडी रिममध्ये गळती कधीकधी वेल्डिंगच्या रेघेतून होते. लोखंडी रिमची वाकलेली कड ठोकून सरळ करता येते. अलॉयचा लहानसा बाक यंत्रावर सरळ करणारे कारागीर असतात, पण तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून त्यावर घाटात जाणं हा शुद्ध अविचार आहे. तडा म्हणजे रिम बदली.

जेलबद्दल

हवा उतरते म्हणून टायरमध्ये सीलिंग जेल ओतून देतात. बारीक काट्यांना ते काही काळ रोखतं हे खरं. पण गळती कुठे आहे ते कायमचं झाकलं जातं, चाक हलायला लागतं, सेन्सरचं भोक बुजू शकतं आणि पुढे मशरूम लावायचा तर आतली चिकट घाण धुतल्याशिवाय पॅच बसत नाही. कारण सापडेपर्यंत जेल नको. ज्या गाडीला कंपनीने स्टेपनीच दिलेली नाही तिची गोष्ट वेगळी. २०२० च्या नियमबदलानंतर टायर प्रेशरची यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्या स्टेपनीवाचून विकता येतात. अशा गाडीतल्या सीलंटच्या बाटलीवरची मुदत बघून ठेवा. ती वापरल्यावर लवकरात लवकर दुकानात जाऊन टायर आतून साफ करून घ्यायचा.

दुकानात डोळे उघडे ठेवा

बहुतेक पंक्चरवाले प्रामाणिक असतात, पण एका भोकासाठी गेलेल्या गाडीला पाच भोकं सापडतात असंही घडतं. चाकाजवळ उभे राहा. प्रत्येक भोकावर बुडबुडा दाखवायला सांगा, निघालेला खिळा हातात मागा. खिळा नाही, तरी बुडबुडे एकसारख्या बारीक भोकांतून येत आहेत आणि टोच्या कारागिराच्या मुठीत आहे, तर तिथेच काम थांबवा. एकाच रस्त्याच्या तुकड्यावर सारखे खिळे मिळत असतील आणि पुढे शंभर पावलांवर दुकान असेल, तर हवा टिकत असल्यास पुढच्या गावापर्यंत जा.

चाक काढायचं असेल तर

सपाट, टणक जागा, हँडब्रेक, पहिला गियर (ऑटोमॅटिक असेल तर पार्क), काढायच्या चाकाच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वळसा सैल करायचे, मग जॅक, तोही पत्र्यावर खाच दिलेल्या जागीच. गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. चाक हबला (चाक ज्यावर बसतं ती चकती) चिकटलं असेल तर नट दोन-तीन आटे लावलेले ठेवून जॅक खाली घ्या, वजनाने ते सुटतं. लावताना नटाची निमुळती बाजू आत, आटे कोरडे (तेल नको), आणि आवळायचं समोरासमोर, ताऱ्यासारखं. शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा, पायाने पान्यावर उभं न राहता. आटे ताणले गेले की पुढच्या वेळी बोल्ट तुटतो.

स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा मोजा. बारीक चाकाची तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा ६० पीएसआय, आणि वेगाची मर्यादा ८० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर तिच्यावर शंभरने जाऊ नये हे सांगावं लागतं, कारण लोक जातात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल, चीर असेल किंवा तारा दिसत असतील तर हवा भरायलाही जवळ बसू नका. हवेविना चाललेल्या टायरमध्ये परत हवा भरू नका. भरताना भिंत फाटून जीवघेणा स्फोट होऊ शकतो. बीड रिमवरून उतरलं असेल तर पेट्रोल किंवा स्प्रे टाकून आग लावून ते बसवायचा खेळ मोबाइलवर बघण्यापुरताच ठेवा. उजव्या बाजूचं चाक बसलं असेल आणि वाहतूक अंगावरून जात असेल तर जॅक काढूच नका: सगळे जण कठड्यापलीकडे उभे राहा, धोक्याचा त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा आणि मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली असेल तर कायद्यानेही तो टायर बाद आहे, त्यावर मशरूमचे पैसे घालू नका. टायरचं वय बाजूला छापलेल्या, डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. भिंतीवर बारीक भेगांचं जाळं पसरलं असेल तर हवा तिथूनही झिरपू शकते आणि तिला औषध नाही.

दुरुस्तीनंतर त्याच गेजने, थंड टायरवर, दुसऱ्या सकाळी आणि सातव्या सकाळी मोजा. दुसऱ्याच दिवशी उतरली तर नवी दुरुस्तीच तपासा. सात दिवसांत २-३ पीएसआय गेले आणि दुरुस्तीच्या जागी बुडबुडा नाही, तर दुकानदाराला सांगून चाक टाकीत बुडवा आणि नेकपासून सुरुवात करा.